मलेरियाचे रिपोर्ट: कुठे पैसे मोजायचे, कुठे हात आखडायचा

पावसाळ्यात हुडहुडी भरून ताप आला की लॅबवाला ‘फीव्हर पॅकेज’ पुढे करतो. मुंबई-पुण्यात त्याचे दीड-दोन हजार रुपये सहज होतात. त्यात बऱ्याचदा टायफॉइडसाठीची विडाल चाचणीही घातलेली असते. तापाच्या पहिल्या आठवड्यात तिच्यावर विसंबण्यात अर्थ नसतो. मलेरियाचं निदान खरं तर यादीतल्या सगळ्यात स्वस्त तपासणीने होतं. काचपट्टीवर रक्ताचा थेंब, म्हणजे स्मिअर, खासगीत साधारण 150 ते 300 रुपयांत होतो. पालिकेच्या दवाखान्यात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत मिळतात. कार्ड टेस्ट झटपट होते, पण महाग पडते. रक्त मात्र मलेरियाची गोळी घेण्याआधी द्या. स्मिअर निगेटिव्ह आला आणि ताप हटत नसेल, तर 12 ते 24 तासांनी पुन्हा करावा लागतो.

दुसरा आवश्यक खर्च सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, अंदाजे 250 ते 400 रुपये. घरातले सगळे घाबरतात ते हाच कागद पाहून, कारण मलेरियात प्लेटलेट्स दीड लाखाच्या खाली जाणं अगदी नेहमीचं आहे. 50-60 हजारांवर आलेले रुग्णही बिनबोभाट बरे होतात. रक्तस्राव क्वचितच होतो आणि औषध लागू पडलं की आकडा काही दिवसांत आपोआप चढतो. कधी प्लेटलेट्सच्या गुठळ्या झाल्यामुळे मशीन आकडा कमी दाखवतं. शंका आली तर स्लाइडवर खात्री करून मागा. एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट्सची (एसडीपी) एक पिशवी 10 हजारांच्या घरात जाते. नाका-हिरड्यांतून रक्त येत नसताना कोणी ती चढवायला सांगितली, तर कारण विचाराच. पपईच्या अर्काच्या गोळ्यांवरचा खर्च माझ्या मते वायाच.

त्याच कागदावरचं हिमोग्लोबिन मात्र दुर्लक्षित राहतं. जंतू लाल पेशी फोडतात, त्यामुळे ताप उतरल्यावरही ते काही दिवस घसरू शकतं. मोठ्या माणसात 7 च्या खाली गेलं तर तो गंभीर मलेरिया धरतात. प्लेटलेट्ससाठी रोज सुई टोचून घेण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक सीबीसी केलेली बरी.

यकृताच्या तपासणीला, म्हणजे एलएफटीला, 500 ते 900 रुपये लागतात. प्रत्येकाला ती लागतेच असं नाही. डोळे पिवळे दिसत असतील, लघवी गडद होत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा मलेरिया फॅल्सिपेरम प्रकारचा निघाला असेल, तर करा. बिलिरुबिन वाढलेलं दिसलं की लोक थेट ‘लिव्हर गेलं’ म्हणतात. बहुतेकदा ते फुटलेल्या लाल पेशींतून आलेलं असतं. म्हणून त्यातलं ‘इनडायरेक्ट’ जास्त भरतं. एसजीओटी-एसजीपीटी हे यकृताचे आकडे थोडे वाढतात. ते हजारांत गेले, तर डॉक्टर व्हायरल हेपॅटायटिसचाही विचार करतात. फॅल्सिपेरममध्ये बिलिरुबिन 3 च्या वर आणि रक्तात जंतूही भरपूर असतील, तर दाखल व्हावं लागतं. तिथे क्रिएटिनिन आणि साखरेची तपासणी टाळू नका. ‘लिव्हर टॉनिक’ची बाटली टाळली तरी चालेल. तापावर पॅरासिटामॉलचा मारा आणि दारू मात्र यकृताला खरोखर त्रास देतात.

विम्याचंही पाहून ठेवा. बऱ्याच पॉलिसी 24 तास दाखल असल्याशिवाय पैसे देत नाहीत, म्हणून कधी साध्या मलेरियालाही ‘ॲडमिट होऊन टाका’ असा सल्ला मिळतो. दाखल होण्याचं वैद्यकीय कारण काय, हे आधी विचारा.

मलेरिया व्हायवॅक्स प्रकारचा असेल तर प्रायमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्स पुरा करा. त्याआधी जीसिक्सपीडी या एन्झाइमची तपासणी करायची का, ते डॉक्टरांना विचारा. हे एन्झाइम कमी असलेल्यांच्या लाल पेशी या औषधाने फुटतात. गरोदर बाईला ते देत नाहीत. गोळ्या चालू असताना लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. ताप गेला म्हणून कोर्स मध्येच सोडला, तर यकृतात दडलेले जंतू काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतात आणि स्मिअरपासून सगळा खर्च नव्याने सुरू होतो.