जुन्या हवाना चिरुटाची पारख व तीपासून घ्यावयाचा धडा

गेल्या चैत्रांत आमच्या परिचयाचे एक शेतकरी गृहस्थ आपल्या वाड्याच्या माळ्यावर सांपडलेली एक लांकडी पेटी घेऊन आमच्याकडे आले. पेटींत हवाना चिरूट होते. त्यांच्या घरीं अशी गोष्ट चालत आलेली कीं, यवतमाळास कापसाच्या खरेदीसाठीं येणाऱ्या एका साहेबानें स्वातंत्र्यापूर्वीं देश सोडतांना ही पेटी त्यांच्या आजोबांस भेट दिली. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी तिला चांगली रक्कम देण्यास तयार होता. परंतु पेटी १९४७ पूर्वींची असल्याबद्दल गृहस्थांनीं सही करून लिहून द्यावें, अशी त्याची अट होती. कन्येचें लग्न ठरलेलें व पैशाची निकड मोठी. सही करावी कीं न करावी, एवढाच त्यांचा प्रश्न होता. महसूल खात्यांत आमचें आयुष्य दस्तऐवज चाळण्यांत गेलें, म्हणून तो प्रश्न आमच्यापुढें आला.

चिरुटाचें व्यसन आम्हांस नाहीं व वाचकांस तें लागावें अशी इच्छाहि नाहीं. परंतु माल कोठला, केव्हांचा, आणि खरा कीं खोटा, हें ठरविण्याची जी रीत आम्हीं या निमित्तानें अभ्यासिली, ती शेतकऱ्याच्या नित्य उपयोगाची आहे. म्हणून ती येथें क्रमानें देतों.

१. नांवाची किंमत

क्यूबा बेटाच्या पश्चिमेस पिनार देल रियो नांवाचा प्रांत आहे. तेथील व्युएल्टा अबाहो या भागांतील माती व हवा तंबाखूस इतकी मानवते कीं, त्या पानाच्या हातवळणीच्या चिरुटास जगांत तोड नाहीं असें शोकी लोक मानतात. जेथें नांवास किंमत येते तेथें नक्कल आलीच. यास्तव त्या देशानें १८८९ सालीं पेटीवर हमीची पट्टी लावण्याची चाल सुरू केली व १९१२ सालीं तीस कायद्याचें बळ दिलें. आपल्या नागपुरी संत्र्यास २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें याच तत्त्वावर.

पुढें १५ सप्टेंबर १९६० रोजीं क्यूबा सरकारनें चिरुटाचे कारखाने ताब्यांत घेतले. कित्येक मालक देश सोडून गेले, आणि कालांतरानें जुन्याच नांवांचे चिरूट डोमिनिकन प्रजासत्ताकासारख्या दुसऱ्या देशांतहि होऊं लागले. फेब्रुवारी १९६२ मध्यें अमेरिकेनें क्यूबाशीं व्यापार बंद केला. त्यामुळें त्यापूर्वींच्या पेट्या दुर्मिळ झाल्या व त्यांचे भाव चढले. तात्पर्य, केवळ नांव वाचून मालाचें गांव कळत नाहीं.

२. पेटीचा तळ

नक्कल करणारा झांकण सजवितो. तपासणारानें प्रथम तळ उलटा करून पाहावा. क्यूबाच्या जुन्या पेट्यांच्या तळावर ‘मेड इन हवाना – क्यूबा’ असा इंग्रजी छाप असे. १९६१ पासून त्या जागीं ‘एचो एन कूबा’, म्हणजे ‘क्यूबांत केलेलें’, हा स्पॅनिश छाप आला. १९८५ पासून कारखान्याची सांकेतिक खूण तळावर येऊं लागली. ‘संपूर्ण हातानें केलेलें’ या अर्थाचे स्पॅनिश शब्द १९८९ मध्यें, व ‘हबानोस’ या विक्रीसंस्थेचें नांव १९९४ मध्यें आलें. हमीच्या पट्टीवर १९९९ पासून क्रमांक व २००९ पासून चकाकणारें चित्रचिन्ह असतें.

यावरून नियम असा निघतो कीं, जी खूण ज्या सालीं अस्तित्वांतच नव्हती, ती त्यापूर्वींच्या पेटीवर असूं शकत नाहीं. खरेदीखतावरील तारीख जुनी आणि स्टांपाच्या पाठीवरील विक्रीची तारीख नंतरची निघाली, म्हणजे खत बनावट ठरतें. तसेंच हें आहे. मात्र खूण बरोबर आहे एवढ्यावरूनहि माल खरा ठरत नाहीं. छाप उठवितां येतो, आणि अस्सल जुन्या पेटींत दुसरेच चिरूट भरून ठेवितां येतात.

३. आंतील माल

म्हणून पुढें माल पाहावा. चांगल्या हवाना चिरुटांत आंतील पानें लांबच्या लांब असतात. हलक्या मालांत बहुधा तुकडे व चुरा भरलेला असतो. वरचें पान नितळ, बारीक शिरांचें असतें. एका पेटींतील सर्व चिरूट रंगानें मिळते असतात व त्यांवरील कागदी पट्ट्या एका ओळींत बसतात.

मालाची स्थिति सांगितलेल्या हकीकतीशीं जुळते कीं नाहीं, हेंहि पाहावें. चिरूट टिकण्यास शेंकडा ६५ ते ७० दमटपणा व १८ ते २१ अंश उष्णता लागते. आमच्या जिल्ह्याच्या वैशाखांत पत्र्याखालच्या माळ्याची काय अवस्था होते, हें वाचकांस सांगणें नलगे. तेथें सत्तर वर्षें पडलेला चिरूट मऊ व सुवासिक निघाला, तर माल किंवा हकीकत यांपैकीं एक खोटें समजावें. शिवाय तंबाखूचा एक तांबूस भुंगेरा चिरुटास टांचणीएवढीं छिद्रें पाडतो. सांठविलेल्या हळदीस व मिरचीस लागतो तोच हा किडा. तेव्हां त्याची ओळख आपणांस वेगळी करून द्यावयास नको.

४. हातोहातचा हिशेब

शेवटची परीक्षा कागदांची. वस्तु कोणाकडून कोणाकडे, केव्हां व कशानें गेली, हें पावती, पत्र किंवा लिलांवाची नोंद यांवरून अखंड दाखवितां आलें पाहिजे. सातबारावरील नांव वाचून जाणता मनुष्य थांबत नाहीं. फेरफाराचे क्रमांक धरून तो मागें मागें जातो. घरांतील गोष्ट ही चौकशीची सुरुवात होय, पुरावा नव्हे.

५. निर्णय

आम्हीं त्या गृहस्थांची पेटी उलटी केली. तळावर ‘एचो एन कूबा’ हा छाप स्पष्ट होता. कारखान्याची सांकेतिक खूण नव्हती. अर्थात् पेटी खरी असल्यास १९६१ नंतरची व बहुधा १९८५ पूर्वींची. चिरूट भुंगेऱ्यानें पोखरलेले व हातांत घेतांच चुरा होणारे होते. गृहस्थ खिन्न झाले. “मग आजोबा खोटें बोलले काय?” असें त्यांनीं विचारिलें. आम्हीं म्हटलें, तसें मानण्याचें कारण नाहीं. साहेबाची भेट निराळी असेल, ही पेटी मागाहून आली असेल, व स्मरणांत दोन्ही एक झालीं असतील. परंतु तुम्ही सही केलीत तर मात्र खोटें तुमच्या हातचें होईल. त्यांनीं सही केली नाहीं. व्यवहार मोडला व लग्नाचा खर्च त्यांस आंखडता घ्यावा लागला.

६. आपल्या घरची गोष्ट

वऱ्हाडचा कापूस एके काळीं लिव्हरपूलच्या बाजारांत उमरावतीच्या नांवावरून ‘उमरा’ म्हणून विकला जाई. हिंदुस्थानच्या कापसांत भेसळ व माती येते अशी तेथें ओरड असे. कापसांतील लबाडीविरुद्ध मुंबई इलाख्यांत १८६३ सालीं कायदा झाला. पुढें १९२५ च्या कायद्यानें प्रत्येक गांठीवर प्रेसची खूण व क्रमांक घालणें आवश्यक केलें. चिरुटाच्या तळावरील छापाचेंच हें भावंड होय.

आज बियाणें घेतांना आपणच गिऱ्हाईक असतों. पिशवीवरील चित्र म्हणजे पेटीचें झांकण. लॉट नंबर, मुदत व शिक्का हा तिचा तळ. तो वाचून, तोच लॉट नंबर बिलावर लिहवून घ्यावा. बिल, रिकामी पिशवी, तिचें लेबल व मूठभर बियाणें पीक घरीं येईपर्यंत जपावें. उगवण बिघडल्यास तालुक्याच्या कृषि कार्यालयांत किंवा ग्राहक न्यायालयांत आपली बाजू याच कागदांवर उभी राहते. मान्यता नसतां बिलावांचून विकलें जाणारें, लोक ज्यास चोर बीटी म्हणतात तें बियाणें घेणारास दाद मागावयास कागदच उरत नाहीं.

त्या गृहस्थांनीं चिरूट उकिरड्यावर टाकिले. पेटींत ते आतां बियाण्याचीं व खतांचीं बिलें ठेवितात. वाचकांनींहि यंदाच्या पेरणीपूर्वीं अशी एक पेटी घरांत करावी, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितों.