देवाची शांती राखण करते

आजचे वाचन: फिलिप्पैकरांस पत्र ४:४-९. सोबत २ करिंथकरांस ११:२८-३३ हेही एकदा वाचून घ्या, पुढे लागणार आहे.



आजचा भाग आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. कॅलेंडरवर असतो, मगवर असतो, परीक्षेच्या आदल्या दिवशी स्टेटसला असतो. माझ्या फोनचा वॉलपेपर कितीतरी महिने सहावं वचनच होतं. आणि तोच फोन हातात धरून रात्री तीन वाजता मी ऑफिसच्या ग्रुपवर बघत बसायचो, आज कोणाकोणाचं नाव गेलं. चिंता करू नका असं सांगणारं वचन मागे आणि त्याच्यावर न वाचलेल्या मेसेजचे लाल आकडे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कंपनीत लोक कमी करणं चालू होतं. घराचा हप्ता, बाबांची औषधं, बहिणीची फी, सगळं माझ्या एका पगारावर. एका सकाळी लिफ्टमध्ये छातीत धडधडायला लागलं, हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना. मला वाटलं, संपलं. ईसीजी काढला तर अगदी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "हृदय उत्तम आहे तुमचं. कसली काळजी चालली आहे का?"

त्या आठवड्यात घरगुती प्रार्थनासभेत मी हे सांगितलं. एक वडीलधारे बंधू अगदी प्रेमाने म्हणाले, "बेटा, चिंता म्हणजे अविश्वास. विश्वास वाढव." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण घरी आलो तेव्हा माझी अवस्था अशी की आधी एकच चिंता होती, नोकरीची. आता दोन झाल्या. नोकरीची आणि माझ्या विश्वासाची.

तुमच्यापैकी किती जण मेसेजमध्ये हेच लिहितात! "दादा, मी प्रार्थना करते, तरी भीती जात नाही. माझंच काहीतरी चुकतंय का?" म्हणून आज हा भाग सावकाश वाचू या.

आधी हे पत्र कुठे बसून लिहिलं आहे ते पाहा. पौल कैदेत आहे. परंपरेप्रमाणे रोममध्ये. पहिल्याच अध्यायात तो आपल्या बेड्यांचा उल्लेख करतो आणि आपण जगणार की मरणार हेही अजून ठरलेलं नाही असं मोकळेपणाने लिहितो. दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीताची हकीकत येते. फिलिप्पैच्या मंडळीने त्याला पौलाच्या मदतीला पाठवलं होतं आणि तो आजारी पडून मरता मरता वाचला. तो गेला असता तर माझ्यावर दुःखावर दुःख आलं असतं, असं पौल म्हणतो. आता त्याला परत पाठवतोय, म्हणजे तुम्हाला आनंद होईल आणि माझंही दुःख थोडं हलकं होईल, असंही लिहितो. थोडं हलकं, बरं का. मला काहीच वाटत नाही, असं नाही.

आता २ करिंथ ११:२८. फटके, दगडमार, फुटलेली जहाजं अशी सगळी यादी दिल्यावर पौल म्हणतो की याशिवाय रोज माझ्यावर सगळ्या मंडळ्यांच्या चिंतेचा दाब असतो. मूळ ग्रीकमध्ये इथे 'मेरिम्ना' हा शब्द आहे. फिलिप्पै ४:६ मध्ये जे करू नका म्हटलंय तेही ह्याच शब्दापासून बनलेलं क्रियापद. आणखी गंमत म्हणजे फिलिप्पै २:२० मध्ये तीमथ्याची शिफारस करताना पौल म्हणतो की तुमची मनापासून काळजी करणारा असा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही. तिथेही तेच क्रियापद! एकाच पत्रात, दोन अध्यायांच्या अंतराने, तोच शब्द एकदा कौतुकाने आणि एकदा मनाईने येतो.

म्हणजे जिवाभावाच्या माणसाची काळजी वाटणं हे पाप नाही. तसं असतं तर तीमथ्याला शाबासकी कशी मिळाली असती? बहिणीच्या फीचा विचार मनात येणं हा अविश्वास नाही. ते ओझं घेऊन जायचं कुठे, हा सहाव्या वचनाचा प्रश्न आहे. तीन वाजता ते ऑफिसच्या ग्रुपवर न्यायचं, की देवापुढे मांडायचं?

आणि त्याच्या आधीचं छोटंसं वाक्य आपण बहुतेक वेळा गाळतो. पाचव्या वचनाच्या शेवटी पौल सांगतो की प्रभू जवळ आहे. त्यानंतर चिंतेचा विषय येतो. क्रम महत्त्वाचा आहे. अंधारात रडणाऱ्या लेकराला आई लांबून "गप्प बस" म्हणत नाही. आधी जवळ येते, "मी आहे ना" म्हणते, मग "रडू नको" म्हणते.

आता सातवं वचन. आपल्या मराठी बायबलमध्ये इथे 'राखील' हा शब्द आहे. मला तो फार आवडतो, कारण राखण म्हणजे काय ते मी लहानपणी पाहिलंय.

आजोबांचं गाव नेवासे तालुक्यात. भुईमूग भरायला आला की रानडुकरं उतरायची. आजोबा रात्री माळ्यावर जाऊन बसायचे. कंदील, काठी आणि वाजवायला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. आम्ही पोरं घरात आजीजवळ झोपलेलो. मध्यरात्री डबा वाजायचा, कुत्री भुंकायची. मी दचकून उठायचो. आजी म्हणायची, "आले असतील डुकरं. तुझे आजोबा आहेत तिथं, झोप." आणि मी झोपायचो. डुकरं आलेलीच असायची. आवाज खराच असायचा. पण राखणीला कोण बसलंय ते मला ठाऊक होतं. नि एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली: उघड्या माळरानावर कोणी राखणीला बसत नाही. पीक असतं आणि धोका असतो, तिथेच माणूस बसवतात.

मूळ ग्रीक शब्दाचा रंग थोडा वेगळा, लष्करी आहे. 'फ्रूरेओ', म्हणजे सैनिकांचा पहारा ठेवणं. फिलिप्पैच्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. इ.स.पू. ४२ मध्ये त्या शहराजवळ मोठी लढाई झाली आणि त्यानंतर तिथे निवृत्त रोमी सैनिकांना जमिनी देऊन वसवलं. ती रोमी वसाहत होती, प्रेषितांची कृत्ये १६:१२ मध्येही तसाच उल्लेख आहे. अशा गावात पहारा म्हणजे काय ते लहान पोरालाही माहीत असणार.

आणि ह्याच गावच्या तुरुंगात पौल आणि सीला फटके खाऊन, पाय खोड्यात अडकवून बसले होते. मध्यरात्री ते प्रार्थना करत होते, गात होते. मग भूकंप झाला, दारं उघडली. आपण नेहमी त्या दोघांचं गाणं आठवतो, पण त्या रात्री सगळ्यात जास्त घाबरला होता तो पहारेकरी. कैदी पळाला तर पहारेकऱ्याच्या जिवावर बेतायचं. पेत्र सुटला तेव्हा हेरोदाने काय केलं ते कृत्ये १२:१९ मध्ये आहेच. म्हणून उघडी दारं पाहताच ह्या माणसाने स्वतःला मारायला तलवार उपसली. आणि कैदी पौल त्याला ओरडून थांबवतो, आम्ही सगळे इथेच आहोत. राखणारा घाबरलेला आणि ज्याला राखायचं तो शांत! पुढे हे पत्र त्या मंडळीत वाचलं गेलं तेव्हा तो माणूसही बसून ऐकत असेल, असं मला वाटत राहतं. शास्त्र तसं सांगत नाही, हा आपला माझा विचार.

'फ्रूरेओ' हेच क्रियापद पौलाने दुसरीकडेही वापरलंय, आणि त्यातली एक जागा वाचून मी खुर्चीतून उठलोच. २ करिंथ ११:३२. अरीतास राजाच्या अधिकाऱ्याने पौलाला पकडण्यासाठी दिमिष्क शहरावर पहारा बसवला होता. तिथे हाच शब्द आहे. मेरिम्ना २८ व्या वचनात आणि हा पहारा ३२ व्यात! म्हणजे फिलिप्पैकरांना शांतीच्या पहाऱ्याबद्दल लिहिणाऱ्या माणसाने दुसऱ्या जातीचा पहाराही अनुभवला होता. ज्या शहरात सगळे दरवाजे आपल्याला धरायला टपलेले असतात, तिथला पहारा. पॅनिक अटॅक आलेल्या माणसाला हे शहर ओळखीचं वाटेल.

मग पौल तिथून सुटला कसा? देवदूत आला नाही. भूकंपही झाला नाही. भिंतीतल्या खिडकीतून त्याला टोपलीत बसवून खाली सोडलं. दोर धरणारे त्याच्याच विश्वासातले भाऊ होते, प्रे. कृत्ये ९:२५ पाहा. इतका मोठा प्रेषित, आणि टोपलीत बसून लोंबकळत उतरला. पौल ही गोष्ट लपवत नाही, उलट आपल्या दुर्बळपणाच्या यादीत अभिमानाने लिहितो.

माझी टोपली म्हणजे एक समुपदेशक बाई. पाळकांच्या पत्नीने नंबर दिला. मी म्हटलं, "मावशी, लोक काय म्हणतील? विश्वासणारा असून डॉक्टरकडे?" त्या म्हणाल्या, "गुडघा दुखला तर जातोस ना? मग." इतकंच. सहा महिने गेलो, थोडे दिवस गोळीही घेतली. प्रार्थना बंद केली नाही. उलट पहिल्यांदा नीट करायला शिकलो. तुमच्यापैकी कोणाला झोप उडणं, धाप लागणं, जगूच नये असं वाटणं होत असेल तर आजच कोणाला तरी सांगा. सरकारचा टेलि-मानसचा नंबर १४४१६ आहे, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. त्या टोपलीत बसायला लाजू नका.

नीट प्रार्थना म्हणजे काय? सहाव्या वचनात पौल मागण्या देवाला कळवायला सांगतो. माझी प्रार्थना आधी अशी असायची: "प्रभू, मला शांती दे, आमेन." म्हणजे मागणी सांगितलीच नाही! भीती आकार नसलेली असते, म्हणून ती अख्खी खोली भरून टाकते. मी वहीत लिहायला लागलो. हप्त्याचा आकडा, तारीख, बाबांच्या कोणत्या गोळ्या संपत आल्यात. लिहिलं की प्रत्येक ओळ वाचून म्हणायचं, प्रभू, हे असं आहे. पौल आभार मानायलाही सांगतो, म्हणून समोरच्या पानावर त्या दिवसाचं एखादं देणं लिहायचं. सुरुवातीला ते पान रिकामं राहायचं, खोटं कशाला सांगू. एका दिवशी फक्त "आईने पिठलं केलं" एवढंच लिहिलंय.

माझी नोकरी गेली. तिसऱ्या यादीत नाव आलं. सातव्या वचनात नोकरी वाचेल असं लिहिलेलं नाही, आणि तसं कोणी तुम्हाला शिकवत असेल तर ते वचन पुन्हा उघडून वाचा. तिथे अंतःकरण आणि विचार राखले जातील असं लिहिलंय. त्या रात्री मला गाढ झोप लागली असंही नाही. चार वाजता लागली. पण मधल्या वेळात मी ग्रुप उघडला नाही, वही उघडली. मनात डबा वाजत होता, कुत्री भुंकत होती, आणि माळ्यावर कोण बसलंय ते मला माहीत होतं. पुढचे पाच महिने कठीण गेले. एक हप्ता मंडळीतल्या एका कुटुंबाने भरला, कोणी ते मला आजही ठाऊक नाही.

आज रात्री झोपण्याआधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि एक कागद घ्या. नेमकी कशाची भीती आहे ते नावानिशी लिहा, कितीही क्षुल्लक वाटलं तरी. मग फिलिप्पै ४:५ चा शेवट, सहावं आणि सातवं वचन मोठ्याने वाचा. उद्या आपण आठवं वचन घेऊ. राखलेल्या मनात दिवसभर काय आत येऊ द्यायचं, हा तिथला विषय आहे.

प्रार्थना: प्रभू येशू, आज रात्री जो कोणी छताकडे बघत जागा पडला आहे, त्याच्या जवळ ये. त्याच्या कागदावरची प्रत्येक ओळ तू वाच. ज्यांना दोर धरणारे हात हवे आहेत त्यांना ते दे, आणि आमच्यापैकी कोणाला तो दोर धरायचा असेल तर आम्हाला उठव. आमेन.