मेथोट्रेक्सेट : एका औषधाचे गुणदोष

औषध तेवढें तारक आणि विष तेवढें मारक, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु कित्येक औषधें अशीं आहेत, कीं तीं योग्य मात्रेंत घेतलीं तर जीव वाचवितात आणि मात्रा चुकली तर जिवावर उठतात. कर्करोगावर दिलें जाणारें मेथोट्रेक्सेट हें त्यांपैकींच एक होय. त्याच्या कथेचा आरंभ आपल्याच मुंबईंत झाला, हें मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

इ. स. १९२८ मध्यें लूसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. येथील गरीब गर्भवती स्त्रियांमध्यें, विशेषतः गिरण्यांत राबणाऱ्या बायांमध्यें, पंडुरोगाचा एक घातक प्रकार त्या काळीं आढळत असे. परळच्या हाफकीन संस्थेंत संशोधन करीत असतां बाईंना दिसून आलें, कीं या रोगाचें मूळ निकृष्ट आहारांत आहे. मार्माईट नांवाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर रोगिणींचें रक्त सुधारूं लागलें. हें संशोधन १९३१ मध्यें प्रसिद्ध झालें. अर्कांतील गुणकारी द्रव्य कोणतें, हें तेव्हां कळलें नव्हतें. पुढें १९४१ मध्यें अमेरिकेंत पालकाच्या पानांतून तशा गुणाचें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. आणि लॅटिन भाषेंत पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याला फोलिक आम्ल हें नांव पडलें.

कथेचा पुढील भाग भीमवरम येथें जन्मलेल्या यल्लाप्रगड सुब्बाराव यांचा आहे. ते अमेरिकेंत लेडरले कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या सहकाऱ्यांनीं फोलिक आम्ल प्रयोगशाळेंत तयार केलें. इकडे बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना असें आढळलें, कीं रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेल्या मुलांना या जातीचीं द्रव्यें दिलीं तर रोग उलट बळावतो. मग याच्या विरुद्ध गुणाचें द्रव्य दिलें तर? सुब्बारावांच्या मंडळींनीं तसें द्रव्य, अमिनोप्टेरिन, बनवून दिलें. फार्बर यांनीं १९४८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या लेखांत १६ मुलांपैकीं १० जणांना उतार पडल्याची नोंद आहे. तो उतार टिकला नाहीं. परंतु ज्या रोगापुढें वैद्यकानें हात टेकले होते, तोही औषधानें मागें हटतो, हें जगाला दिसलें. मेथोट्रेक्सेट हा अमिनोप्टेरिनचाच धाकटा भाऊ होय.

आतां हें औषध काम कसें करतें तें पाहूं. शरीरांतील पेशी दुभंगून वाढतात. प्रत्येक वेळीं त्यांना आपल्या अंतरंगांतील डी. एन. ए. ची नवी प्रत करावी लागते व त्यासाठीं फोलिक आम्ल लागतें. मेथोट्रेक्सेटची घडण जवळजवळ फोलिक आम्लासारखी असते. जणूं कुलपांत बसणारी पण न फिरणारी किल्ली! ती आंत अडकून बसली, कीं खऱ्या किल्लीला वाट उरत नाहीं. प्रत निघत नाहीं आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी झपाट्यानें वाढत असल्यामुळें हा घाव त्यांना अधिक बसतो.

परंतु अस्थिमज्जेंतील, तोंडांतील व आंतड्यांतील निरोगी पेशीही झपाट्यानेंच वाढतात. औषधाला आपपर कळत नाहीं. म्हणून रक्त कमी होतें, तोंड येतें, मळमळ व जुलाब होतात आणि जंतुसंसर्ग चटकन् जडतो. यकृत, मूत्रपिंड व फुप्फुसें यांनाही इजा होऊं शकते. याकरितां वरचेवर रक्त तपासावें लागतें. मद्यपान टाळावें. कांहीं वेदनाशामकें व कांहीं जंतुनाशकें यांच्या जोडीनें अपाय वाढतो, म्हणून कोणतेंही दुसरें औषध डॉक्टरांना विचारल्यावांचून घेऊं नये. गर्भवतीला तर हें औषध वर्ज्यच आहे. ज्या द्रव्यानें विल्सबाईंनीं गर्भवतींचे प्राण वाचविले, त्याचाच मार्ग तें अडवितें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कारण उमगेल.

इतके अपाय असूनही त्याचे उपकार मोठे आहेत. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगांत इतर औषधांच्या जोडीनें तें दिलें जातें, आणि योग्य उपचार पुरे झाले तर आज यांतील बहुतेक मुलें बरीं होऊं शकतात. हाडांच्या कर्करोगांत तें मोठ्या मात्रेंत देतात व मागाहून फोलिनिक आम्ल देऊन निरोगी पेशींना सांवरून धरतात. संधिवात व सोरायसिस या रोगांत तेंच अल्प मात्रेंत, आठवड्यांतून एकदांच, घ्यावयाचें असतें.

पालकांनीं येथें विशेष लक्ष द्यावें. समजा, मुलुंडच्या एका घरीं आजींना संधिवातासाठीं ही गोळी मिळाली. घरांतील इतर गोळ्या रोजच्या; म्हणून हीही रोज दिली गेली. थोड्याच दिवसांत तोंडांत फोड, ताप, रक्तस्राव असा प्रसंग ओढवतो आणि अशा चुकीनें माणसें दगावलीं आहेत. म्हणून विद्यार्थ्यांनो, घरीं ही गोळी असेल तर डॉक्टरांनीं सांगितलेला वार मोठ्या अक्षरांत पाकिटावर लिहून ठेवा व दिनदर्शिकेवर खूण करा. चूक झालीच, तर त्रास होण्याची वाट न पाहतां तत्काळ रुग्णालय गांठावें. उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला पाहिजे.

परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथून लोकलनें मुलांना घेऊन तेथें जाणारे आईबाप आपल्या शेजारींच राहतात. अपायाच्या भीतीनें किंवा थोडें बरें वाटूं लागलें म्हणून उपचार अर्ध्यावर सोडूं नयेत, असा त्यांना धीर द्यावा. आणि वर्गांतील एखादा सोबती उपचारांमुळें केस गेलेल्या डोक्यावर टोपी घालून शाळेंत आला, तर त्याच्या टोपीला हात लावूं नका. तुम्हांला ताप, खोकला वा कांजिण्या असतील तर त्याच्यापासून दूर राहा. तुमचा साधा आजार त्याला भारी पडेल. बरे झालांत, कीं चुकलेला धडा घेऊन त्याच्या बांकावर जाऊन बसा.