डोस उतरला म्हणून इन्शुलिन सोडू नका

टाइप १ मधुमेहाचं निदान होऊन मुलाला इन्शुलिन सुरू झालं, की बऱ्याच घरांत काही आठवड्यांत डोस उतरू लागतो. वीस युनिटांवरून दहा, मग पाच-सहा. त्याच सुमारास कुणीतरी सुचवलेला काढा चालू असतो. श्रेय त्याला मिळतं आणि ‘आता सुया बंद करू’ अशी बोलणी सुरू होतात. तसं करू नका.

या आजारात रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर, म्हणजे इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते. मुलानं गोड जास्त खाल्लं म्हणून हे होत नाही. आईवडिलांनी स्वतःला बोल लावणं आधी थांबवावं. रोगप्रतिकारशक्तीच्या टी पेशी बीटा पेशींना थेट मारतात, शिवाय त्या आणि इतर प्रतिकारक पेशी आसपास सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतात. पेशींनी एकमेकींना धाडलेले हे निरोपच. इंटरल्युकिन-१ बीटा, टीएनएफ-अल्फा आणि इंटरफेरॉन-गॅमा ही त्यातली महत्त्वाची नावं. एकेकट्यापेक्षा ती मिळून जास्त घात करतात. इन्शुलिन सोडण्याचं काम मंदावतं, पेशीतली प्रथिनं घडवणारी यंत्रणा ताणाखाली येते आणि शेवटी काही पेशी स्वतःच मरण पत्करतात.

इंटरफेरॉनमुळे आणखी एक गोष्ट होते. बीटा पेशी आपल्या पृष्ठभागावर एचएलए रेणू वाढवते आणि त्यांवर स्वतःच्या प्रथिनांचे तुकडे मांडते. टी पेशींना ती ओळखू येते ती यामुळेच. वर ती स्वतःही सीएक्ससीएल-१० हा रेणू सोडून आणखी टी पेशींना बोलावते. बळी म्हणावं, तर मारेकऱ्यांना आवतण देणारीही तीच!

निदानाच्या वेळी सगळ्या बीटा पेशी मेलेल्या नसतात. काही या माऱ्यानं आणि चढलेल्या साखरेनं गप्प झालेल्या असतात. नॉर्वेत नव्यानं निदान झालेल्या काही प्रौढांच्या स्वादुपिंडाचे नमुने घेतले होते. त्यांतल्या पेशी प्रयोगशाळेत, शरीरातल्या त्या वातावरणाबाहेर ठेवल्यावर काही दिवसांत पुन्हा इन्शुलिन सोडू लागल्या. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. बाहेरून इन्शुलिन मिळून साखर उतरली की तुमच्या मुलाच्या उरलेल्या पेशीही अशाच थोड्या सावरतात. हाच डॉक्टरांचा ‘हनिमून पिरियड’. हल्ला मात्र चालूच असतो. म्हणून साखर वरचेवर खाली जात असेल तर डॉक्टरांना विचारून डोस कमी करा. आपल्या मनानं बंद नको.

हे निरोप अडवणारी औषधं तपासली जात आहेत. सायटोकाइनचा इशारा पेशीच्या आत पोहोचू न देणारी बॅरिसिटिनिब ही गोळी मेलबर्नच्या संशोधकांनी नव्या रुग्णांना ४८ आठवडे दिली. त्यांचं स्वतःचं इन्शुलिन जास्त टिकलं, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. तरी इन्शुलिन घ्यावं लागलंच, आणि ही गोळी दुकानातून आणून द्यायची नाही. ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ पावडरींबद्दल विचाराल, तर इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, तिचा नेम चुकला आहे. ते पैसे ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्सवर खर्च करा.

ताप आला, जेवण गेलं, तरीही इन्शुलिन पूर्ण थांबवायचं नाही. साखर दर दोन-तीन तासांनी पाहा, लघवीत कीटोन तपासा आणि डॉक्टरांना फोन करा. उलट्या, पोटदुखी, धाप किंवा श्वासाला फळासारखा वास आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.