‘इथे’ म्हणजे कुठे? : दृष्टी अधू झालेले आजी-आजोबा आणि त्यांना सांभाळणाऱ्या मावशी-मामा



वृद्धाश्रमाला भेट हा आता बऱ्याच शाळांच्या वार्षिक नियोजनातला ठरलेला कार्यक्रम झाला आहे. मुलं गाणी म्हणतात, फळं वाटतात, फोटो होतो आणि बस परत फिरते. या सगळ्यात आपलं लक्ष जात नाही ते तिथल्या मावशी आणि मामांकडे. कागदावर ते ‘काळजीवाहक’ असतात, हाक मात्र मावशी-मामा अशीच. ज्या आजी-आजोबांची नजर गेली आहे, त्यांचा दिवस कसा जाणार हे बहुतांशी याच माणसांच्या हातात असतं. आजचा पाठ त्यांच्या कामाविषयी. घरात वयस्कर माणूस असेल तर पालकांनाही उपयोगी पडेल.

आधी थोडं विज्ञान. ‘दिसत नाही’ याचे अनेक प्रकार आहेत. मोतीबिंदूत सगळंच धुरकट दिसतं, वर उजेडाची तिरीप सहन होत नाही. काचबिंदूत बहुधा कडेची नजर आधी जाते. समोरच्याशी व्यवस्थित बोलणारे आजोबा बाजूच्या स्टुलाला धडकतात ते यामुळे. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झाला की नजरेत डाग येतात. आणि वयोमानाने पडद्याच्या मधल्या भागाची, म्हणजे मॅक्युलाची झीज झाली की नेमकं उलटं होतं. कडेचं दिसत राहतं, पण जिकडे पाहावं तेवढंच पुसून जातं.

या शेवटच्या प्रकारात सगळ्यात जास्त अन्याय होतो. आजी खुर्चीला वळसा घालून बरोबर दारापर्यंत जाते, पण समोर उभ्या सुनेला ओळखत नाही. मग लोक म्हणतात, “हिला सोयीनं दिसतं!” नवखा कर्मचारीही तेच म्हणतो. मॅक्युला म्हणजे काय हे त्याला कुणी पाच मिनिटं बसून सांगितलेलं असेल, तर तो तसं म्हणणार नाही. आजीला ढोंगी म्हणायचं की जवळ जाऊन आपलं नाव सांगायचं, हे त्या पाच मिनिटांवर ठरतं.

मोतीबिंदूबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. २०१५ ते २०१९ या काळात देशात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदूच निघालं, सुमारे ६६ टक्के. हा आजार शस्त्रक्रियेने बरा होतो. तरी “वय झालं, होतंच असं” किंवा “अजून पिकू दे” म्हणत वर्षं जातात. पिकेपर्यंत थांबायची गरज आता राहिलेली नाही. उलट काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी औषधाने राखता येते. म्हणून मावशींनी वेळेवर घातलेला थेंब ही फार मोठी गोष्ट आहे. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्यावी लागतात, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. एका बाटलीला रबरबँड लावून ठेवला की आजोबांना स्वतःलाही बोटांनी बाटली ओळखता येते.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे वळूया. व्याकरणात आपण स्थलवाचक क्रियाविशेषण शिकवतो: इथे, तिथे, पलीकडे. न दिसणाऱ्या माणसापुढे यातला एकही शब्द कामाचा नाही. “चहा इथे ठेवलाय हं आजी” हे वाक्य बोट दाखवल्याशिवाय पुरं होत नाही, आणि बोट तर आजीला दिसत नाही. अनुभवी मावशी म्हणते, “आजी, मी मावशी. चहा तुमच्या उजव्या हाताला टेबलावर ठेवलाय, कान तुमच्याकडे केलाय. गरम आहे.” कप काठोकाठ भरलेला नसतो. आधी आवाज, मग स्पर्श, हा क्रम ती मोडत नाही. निघताना “येते मी” म्हणते. नाहीतर आजी रिकाम्या खुर्चीशी बोलत राहते, आणि ते कळल्यावर तिला जे वाटतं ते वाईट असतं.

जेवणासाठी प्रशिक्षणात घड्याळाची पद्धत शिकवतात. ताट म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची: भाजी तीन वाजता, भात सहा वाजता. पद्धत चांगली आहे. पण माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या आजीला तिची फारशी गरज नाही. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, समोर भात. हा नकाशा तिच्या हातात सत्तर वर्षं मुरलेला आहे. संस्थेत मात्र खणांची ताटं येतात, रोज वेगळा माणूस वाढतो आणि कोशिंबिरीच्या जागी आमटी येते. आजीचं बोट गरम आमटीत जातं. दुसऱ्या दिवसापासून ती “मला भरवा” म्हणते. मग कर्मचाऱ्यांना वाटतं, आजी फारच खचल्या. (आणि पांढऱ्या ताटात पांढरा दहीभात! थोडीफार नजर शिल्लक असलेल्यालाही तो दिसत नाही. गडद रंगाचं ताट घ्या, खर्च फारसा नाही.)

भरवणं हे कर्मचाऱ्यालाही सोपं पडतं. भरवलं की दहा मिनिटांत उरकतं, स्वतः जेवू दिलं की अर्धा तास लागतो आणि सांडतं ते वेगळंच. एका मावशीकडे खूप जण असतील तर ती काय निवडेल? तिला दोष देण्याआधी संस्थाचालकांनी माणसं पुरेशी ठेवली आहेत का ते विचारावं. पण सहा महिने भरवलेल्या हाताला परत घास घ्यायला शिकवणं फार कठीण जातं, हेही खरं.

चालण्याचंही तसंच. हात धरून ओढायचं नाही, मागून ढकलायचं नाही. आपलं कोपर पुढे करायचं, आजोबा कोपराच्या वर धरतात आणि अर्धं पाऊल मागून येतात. जिन्यापाशी थांबून “वर” की “खाली” ते सांगायचं. बसवताना त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला की पुढचं ते स्वतः करतात. झाडलोट करताना सरकवलेली खुर्ची परत जागेवर ठेवायची. दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड सरळ कपाळावर लागते.

एक गोष्ट घरोघरी लपवली जाते. नजर अधू झालेल्या काही वृद्धांना नसलेली माणसं, मुलं, फुलं, नक्षी दिसू लागतात. आवाज मात्र नसतो. स्विस अभ्यासक शार्ल बोने याने १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलं. त्यांना मोतीबिंदू होता, डोकं मात्र ठणठणीत. आज या स्थितीला त्याचंच नाव आहे. डोळ्यांकडून माहिती कमी येऊ लागली की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. आपल्याकडे आजी हे कुणाला सांगत नाही, कारण “डोक्यावर परिणाम झाला” किंवा “बाहेरचं काहीतरी आहे” हे ऐकायची भीती. डॉक्टरांना दाखवायचंच, दुसरं काही कारण नाही ना हे पाहायला. पण “आजी, डोळे कमी झाले की कधीकधी असं दिसतं, तुमचं डोकं शाबूत आहे” एवढं मावशीने म्हटलं तर आजीला रात्री झोप लागते.

वर्गात काय घ्यावं? डोळ्यांवर पट्टी बांधून तासभर फिरवू नका. मुलं घाबरतात किंवा हसतात, दोन्हींतून हाती काही लागत नाही. जुन्या चष्म्याच्या काचांवर बटरपेपर लावला की मोतीबिंदूची कल्पना येते, मधोमध काळी टिकली चिकटवली की मॅक्युलाची. मग ‘वर्गाच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंतची वाट सांगा’ हा निबंध द्या, अट एकच: इथे, तिथे, तिकडे हे शब्द वापरायचे नाहीत. पाचवीपासून पुढे कुठेही चालेल.

आणि भेटीला नेण्याआधी मुलांना बजावा: “ओळखा पाहू मी कोण?” असं विचारायचं नाही. आपलं नाव सांगायचं, किती जण आलोय ते सांगायचं, आणि निघताना “आजी, आम्ही निघतो” म्हणून मगच बसमध्ये बसायचं.