वाटा आपला, तळ सर्वांचा

हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस सहीह बुखारीत आहे. तिचा आशय असा: काही लोकांनी चिठ्ठ्या टाकून एका जहाजातील जागा वाटून घेतल्या. काहींना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वारंवार वर जावे लागे. त्यांनी विचार केला, आपल्याच वाट्यात छिद्र पाडले तर वरच्यांना त्रास होणार नाही. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सांगितले की, इतरांनी त्यांना तसे करू दिले तर सर्वच बुडतील, त्यांचे हात धरले तर सर्वच वाचतील.

छिद्र पाडू पाहणाऱ्यांचा हेतू दुष्ट नव्हता, हे ध्यानात घ्या. त्यांना पाणी हवे होते. वाटा आपला असला तरी जहाजाचा तळ सर्वांचा असतो, एवढेच ते विसरले.

जमिनीखालच्या पाण्याचेही असेच आहे. शेताला बांध असतो, भूजलाला नसतो. एकाने खोल बोअरवेल घेतली की शेजाऱ्याची विहीर आटते. मग तो त्याहून खोल जातो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या अवर्षणप्रवण गावाने हे ओळखले. पाण्याअभावी तेथील कुटुंबे मजुरीसाठी मुंबई-पुण्याकडे गेली होती. 1990च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि ग्रामस्थांनी श्रमदानाने डोंगरउतारावर चर खोदले, बांध घातले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली. त्याहून कठीण निर्णय म्हणजे शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही आणि उसासारखी पाणीखाऊ पिके टाळायची. दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. प्रथम माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी, नंतर शेती. विहिरींना पाणी आले, गेलेली कुटुंबे परतली. एकमेकांचे हात धरणे म्हणतात ते हेच.

पवित्र कुरआनातील सूरह अर्-रअदच्या 11व्या आयतीचा भावार्थ आहे की, लोक स्वतःला बदलत नाहीत तोवर अल्लाह त्यांची स्थिती बदलत नाही. येथे उल्लेख समूहाचा आहे. म्हणून बदलाची जबाबदारीही समूहाची.

आपला समूह दिवसातून पाच वेळा मस्जिदीत एकत्र येतो. प्रेषित (सल्ल.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे साधारण एक लिटर किंवा त्याहूनही कमी पाण्यात, वुजू करीत. आपल्या वुजूखान्यात नळ किती वेळ वाहतो, हे प्रत्येकाने पाहावे.

आपल्या जमातीला पुढील कामे सहज करता येतील:

1. वुजूचे पाणी साबण व घाण न मिसळता वेगळे काढून झाडांना किंवा शोषखड्ड्यात सोडावे.
2. मस्जिदीच्या छतावरील पावसाचे पाणी गाळून जमिनीत मुरवावे.
3. मुतवल्ली व नमाजींनी वर्षातून एकदा बसून मोहल्ल्याच्या पाण्याचा हिशेब मांडावा.
4. ज्या घरांना पाणी मिळत नाही, त्यांची सोय आधी करावी.

चौथे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. खालच्यांना पाणी सुलभ मिळाले असते, तर छिद्राचा विचारच आला नसता. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदीनेतील रूमा विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, ती याच जाणिवेने. केवळ मनाई करून जहाज वाचत नाही. तहानलेल्याची तहानही भागवावी लागते.

अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी व सामर्थ्य देवो. आमीन.