जखमी माणसाची पाहणी आणि प्रथमोपचाराचा क्रम

ग्रामीण शाळेतील शिक्षक हा गावाचा एक जाणता माणूस असतो. शाळेच्या आवारात मूल पडले, फाट्यावर दुचाकी घसरली किंवा खळ्यावरील मळणीयंत्रात कोणाचा हात सापडला, की पुष्कळदा प्रथम गुरुजींना किंवा बाईंना हाक जाते. वैद्य येईपर्यंतचा वेळ त्यांच्याच हाती असतो. त्या वेळात काय पाहावे, काय करावे आणि काय करू नये, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

यवतमाळ जिल्ह्याचे सोळा तालुके दूरवर पसरलेले आहेत. वणी व उमरखेड ही गावे जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरच्या आसपास पडतात. यवतमाळ शहरातील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत जखमी पोहोचण्यास साहजिकच वेळ लागतो. शिवाय वडकी, करंजी, पांढरकवडा व पाटणबोरी या बाजूने राष्ट्रीय महामार्ग 44 जातो. त्यावरील वाहने वेगाने धावतात आणि त्याच्या दोहों बाजूंस शाळा व वस्त्या आहेत.

1. क्रमाचे महत्त्व

अपघातस्थळी माणसाचे लक्ष स्वभावतःच मोठ्या आवाजाकडे व विद्रूप जखमेकडे जाते. परंतु जो मोठ्याने रडतो त्याचा श्वासमार्ग मोकळा असतो, त्याचा श्वास चालू असतो आणि तो शुद्धीवर असतो. जो गप्प पडला आहे त्याच्याविषयी यांपैकी काहीच ठाऊक नसते. म्हणून जे सर्वांत लवकर प्राण घेते ते सर्वांत आधी पाहावे, हाच या शास्त्राचा मूळ नियम होय.

हा नियम वैद्यांनाही अनुभवानेच शिकावा लागला. फेब्रुवारी 1976 मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर नावाच्या अस्थिशल्यवैद्याचे लहान विमान शेतात कोसळले. त्यांची पत्नी जागीच मरण पावली व मुले गंभीर जखमी झाली. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मिळालेले उपचार पाहून त्यांच्या ध्यानी आले की, शिकलेल्या डॉक्टरांपाशीही अशा प्रसंगी ठरलेला क्रम नव्हता. त्यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने असा क्रम शिकविणारा अभ्यासवर्ग तयार केला. पहिला वर्ग 1978 साली झाला आणि आज तो अनेक देशांतील डॉक्टरांना शिकविला जातो. खेड्यातील शिक्षकाने त्याचे सार तेवढे आत्मसात करावे.

2. प्रथम दोन कामे

जागा सुरक्षित आहे काय, हे आधी पाहावे. रस्त्यावरील वाहने थांबवावीत, यंत्र बंद करावे, विजेची तार तुटली असल्यास जवळ जाऊ नये. मदतीस गेलेला माणूसच जखमी झाला तर काम दुप्पट होते.

त्याच वेळी एका जाणत्या माणसाला 108 या क्रमांकावर दूरध्वनी करण्यास सांगावे. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात 2014 पासून विनामूल्य चालू आहे. 112 हा क्रमांकही चालतो. एकाच नावाची गावे निरनिराळ्या तालुक्यांत असतात. म्हणून तालुका, गाव, फाटा आणि जवळची ठळक खूण ही सर्व सांगावीत. जखमी किती आहेत हे कळवावे व पलीकडच्या व्यक्तीने सांगितल्याशिवाय दूरध्वनी बंद करू नये.

3. पाच पाहण्या

*पहिली: वाहते रक्त.* रक्त उसळत असेल किंवा कपडे झपाट्याने भिजत असतील तर प्रथम तेच थांबवावे. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळव्याने जोर देऊन दाबावे व दाब सोडून वारंवार पाहू नये. घडी भिजल्यास तीवरच दुसरी ठेवावी आणि अधिक जोराने दाबावे. हातापायातील रक्त दाबूनही थांबत नसेल आणि प्राणावर बेतत असेल, तरच जखमेच्या चार बोटे वर, सांधा टाळून, रुंद पट्टी बांधावी. तीत काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पीळ द्यावा. दोरी किंवा तार वापरू नये. पट्टी बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. ही पट्टी दर पंधरा-वीस मिनिटांनी सैल करावी, असे जुन्या पुस्तकांत शिकविलेले असे. ती रीत आता सोडून देण्यात आली आहे. बांधलेली पट्टी डॉक्टरनेच सोडावी.

*दुसरी: श्वासमार्ग.* जखमीस नावाने हाक मारावी. स्पष्ट उत्तर आले तर मार्ग मोकळा आहे. गळ्यात घरघर होत असेल तर तोंडातील दिसणारी माती, रक्त किंवा तुटलेला दात काढावा. बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर डोके, मान व धड एका रेषेत ठेवून त्यास कुशीवर वळवावे. उताणे ठेवल्यास जीभ मागे पडते किंवा वांती घशात अडकते.

*तिसरी: श्वास.* छातीच्या दोन्ही बाजू सारख्या वर येतात काय, ते पाहावे. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणूस मिनिटास 12 ते 20 वेळा, तर प्राथमिक शाळेतील मूल साधारण 18 ते 25 वेळा श्वास घेते. श्वास बंदच असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटास 100 ते 120 या गतीने दाब द्यावा. ही क्रिया प्रशिक्षित व्यक्तीकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

*चौथी: रक्ताभिसरण.* हात थंड व घामेजलेले, ओठ फिकट, नाडी जलद व बारीक असेल तर शरीराच्या आत रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. नख पाच सेकंद दाबून सोडावे. रंग परत येण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास धोका समजावा. मात्र थंडीच्या दिवसांत गार हातावर ही खूण फसवी ठरते. अशा जखमीस आडवे निजवून पांघरूण घालावे. थंड पडलेल्या शरीरात रक्त गोठण्याची क्रिया मंदावते.

*पाचवी: शुद्ध.* चार पायऱ्या ध्यानात ठेवाव्यात : पूर्ण जागा आहे, हाकेला ओ देतो, चिमटा घेतल्यावरच हलतो, कशालाच प्रतिसाद देत नाही. दर पाच मिनिटांनी पायरी पाहून लिहावी. पायरी खाली उतरणे, वारंवार वांती होणे किंवा दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या असमान दिसणे, ही डोक्याच्या आतील इजेची चिन्हे होत.

4. मूल म्हणजे लहान प्रौढ नव्हे

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. रक्तदानात 350 मिलिलिटर रक्त देऊनही तो थोड्या विश्रांतीने चालू लागतो. मुलाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे 75 ते 80 मिलिलिटर रक्त असते. म्हणजे 20 किलो वजनाच्या मुलाचे एकूण रक्त सुमारे दीड लिटर. त्यातील 300 मिलिलिटर गेले तर पाचवा हिस्सा गेला. हे गणित शिक्षकाने एकदा फळ्यावर करून पाहावे. शिवाय मुलाचे शरीर बराच वेळ तग धरते आणि मग एकाएकी खचते. सायकलची मूठ पोटात लागलेला मुलगा बसून बोलत आहे, एवढ्यावरून तो सुखरूप आहे असे मानू नये.

5. काय करू नये

जखमेत हळद, चुना, चहाची भुकटी, तंबाखू किंवा माती भरू नये. घाबरलेल्यास पाणी पाजण्याची आपली रीत मायेची आहे, पण गंभीर जखमीस पाणी पाजल्याने ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. शरीरात रुतलेली वस्तू उपसू नये. तिच्याभोवती कापड बांधून ती स्थिर ठेवावी. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावे व ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. मान किंवा पाठ दुखावली असल्यास जखमीला उठवून बसवू नये आणि दुचाकीवर दोघांच्या मध्ये धरून तर कधीच नेऊ नये. जागा धोक्याची असल्यास चौघांनी मिळून, मान न वाकवता, फळीवर हलवावे.

6. डॉक्टरांस द्यावयाची माहिती

अपघात केव्हा व कसा झाला, काय आढळले, काय केले आणि शुद्धीची पायरी कशी बदलली, एवढे चार ओळींत लिहून रुग्णवाहिकेबरोबर द्यावे. मुलांच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. शाळेच्या आरोग्य तपासणीतील वजनाची नोंद त्या वेळी मोलाची ठरते.

7. कायद्याचे संरक्षण

पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने पुष्कळ लोक जखमीस हात लावीत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांस मान्यता दिली. पुढे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आले. रस्त्यावरील मोटार अपघातात सद्‌हेतूने, मोबदल्याची अपेक्षा न धरता मदत करणाऱ्यावर त्यामुळे दिवाणी अथवा फौजदारी जबाबदारी येत नाही. ही गोष्ट पालकसभेत अवश्य सांगावी.

स्वाध्याय

शाळेसमोर ऑटो उलटून चार मुले पडली आहेत. एकाचा हात मोडला असून तो आक्रोश करीत आहे. दुसऱ्याच्या मांडीतून रक्त उसळत आहे. तिसरा बेशुद्ध असून घरघर करीत आहे. चौथी मुलगी निंबाखाली गप्प बसली आहे, तिचे ओठ फिकट आहेत व ती पाणी मागत आहे. शिक्षक एक, मदतनीस दोन. प्रथम कोणाकडे जावे, मदतनीसांस कोणते काम द्यावे आणि मुलीला काय सांगावे, याचा निर्णय प्रत्येक शिक्षकाने कागदावर लिहून काढावा. त्यावर केंद्रातील शिक्षक परिषदेत चर्चा करावी आणि मग वरच्या वर्गातील मुलांकडून मैदानावर हा प्रसंग करवून घ्यावा. सराव झालेला हात प्रसंगी घाबरत नाही.